कापूस, गुलामगिरी आणि आपलें वऱ्हाड

मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेंत अमेरिकेचा इतिहास कशाला, असा प्रश्न ज्ञातिबांधवांपैकीं पुष्कळांच्या मनांत येईल. संपादक मंडळानेंहि तो मला विचारला. मीं त्यांना इतकेंच सांगितलें, कीं ज्या घरांत कधीं कापसाची गंजी लागली नाहीं असें आपल्या समाजांतील एक तरी जुनें घर यवतमाळ जिल्ह्यांत दाखवा, म्हणजे मी दुसऱ्या विषयावर लिहितों. त्यांनीं हंसून होकार दिला.

या लेखाचें खरें निमित्त मात्र निराळें आहे. मी सेवेंत असतांना सातवीच्या वर्गाला अमेरिकेंतील यादवी युद्ध शिकवीत होतों. लिंकननें गुलाम मुक्त केले आणि त्याच सुमारास आपल्याकडील कापसाचे भाव कोसळले, असें मीं सांगितलें. मागच्या बांकावरील एक कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, तिकडे गुलाम सुटले, मग इकडे भाव कां पडला?" मीं कांहीं तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तें उत्तर अपुरें होतें, हें मला तेव्हांच कळत होतें. निवृत्तीनंतर सवड मिळाली तसा वाचीत गेलों. त्या मुलाला द्यावयाचें राहिलेलें उत्तर येथें देण्याचा प्रयत्न करतों.

अमेरिकेनें इंग्रजांचें जूं झुगारलें आणि १७८७ सालीं आपली राज्यघटना तयार केली, त्या वेळीं गुलामगिरी ही हळूहळू आपोआप संपेल असें तेथील अनेक विचारवंतांना वाटत होतें. ओहायो नदीच्या उत्तरेकडील नव्या प्रदेशांत गुलाम नसावे, असा कायदा त्याच वर्षीं झाला. परंतु घटनेंत एक गांठ राहून गेली. लोकप्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब धरण्यांत आला. ज्याला मत नाहीं, ज्याला स्वतःचें मूलहि आपलें म्हणतां येत नाहीं, त्याच्या डोक्यावर मालकाला जास्तीच्या जागा मिळाल्या!

पुढें १७९३ सालीं एली व्हिटनी नांवाच्या तरुणानें सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें. दक्षिणेंतील कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. हातानें ती सोडवितां दिवसाकाठीं एका माणसाच्या हातून जेमतेम एक पौंड रुई निघे. यंत्रानें ती पन्नास पौंड निघूं लागली. यंत्र आलें म्हणजे माणसाचे कष्ट कमी होतात, असें आपण वर्गांत मुलांना सांगतों. येथें नेमकें उलट झालें. सरकीचा अडसर दूर होतांच जितका कापूस पिकवावा तितका विकूं लागला, आणि पेरणी, निंदणी व वेचणीसाठीं गुलामांची मागणी वाढत गेली. १७९० सालीं अमेरिकेंत सुमारें सात लाख गुलाम होते. १८६० सालीं ते चाळीस लाखांच्या घरांत गेले. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी होती, हें लक्षांत घ्यावें. जुन्या राज्यांतून कापसाच्या नव्या मुलखांत सुमारें दहा लाख माणसें नेण्यांत आलीं, बहुतेक विकून, आणि त्यांत आईपासून लेंकरूं तोडून विकणें हा नित्याचा व्यवहार होता.

कापूस जमिनीचा कस खातो, हें आपल्याला कोणी शिकवावयास नको. तेथील मळेवाले खत घालण्याऐवजीं जमीन सोडून पश्चिमेकडे सरकत. ती पश्चिमेची जमीन ओसाड नव्हती. तेथें चेरोकी, क्रीक, चोक्टॉ इत्यादि मूळ रहिवाशांच्या वस्त्या होत्या. १८३० सालीं कायदा करून त्यांना हुसकावण्यांत आलें. १८३८-३९ च्या हिवाळ्यांत चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यांत शेंकडों मैल चालविलें, त्यांत सुमारें चार हजार माणसें मेलीं. आपल्या जिल्ह्यांतील कोलाम आणि गोंड यांच्या पाड्यांभोंवतींचें रान कापसाखालीं कसें येत गेलें, हें ज्यांनीं घरांतील वृद्धांकडून ऐकलें आहे त्यांना येथें अधिक सांगण्याची जरुरी नाहीं.

आतां भांडणाच्या मुळाशीं येऊं. १८०३ सालीं अमेरिकेनें फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट मुलूख दीड कोटि डॉलरांस विकत घेतला. त्यांतून नवीं राज्यें निर्माण होणार होतीं. तेथील वरिष्ठ सभेंत लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे दोनच सभासद असतात. म्हणून गुलाम बाळगणारीं राज्यें आणि न बाळगणारीं राज्यें सारखीं असलीं म्हणजे तराजू समतोल राही. १८१९ अखेर ११ आणि ११ असा तोल होता. मिसूरी प्रांत गुलामांसह आंत येऊं लागला तेव्हां मोठा गहजब झाला. १८२० सालीं तडजोड झाली, कीं मिसूरी गुलामांचें राज्य, त्याच्या जोडीला मेन हें मुक्त राज्य, आणि उरलेल्या मुलखांत ३६ अंश ३० मिनिटें या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरी नाहीं. भाऊबंदकींत पंचांनीं मधून बांध घालावा तसा हा बांध होता. घराण्याची जमीन वाढत गेली कीं बांधाचा तंटा पुन्हा उकरला जातो, तसेंच पुढें झालें.

१८४५ सालीं टेक्सास सामील झालें. १८४६ ते १८४८ मेक्सिकोशीं युद्ध होऊन प्रशांत महासागरापर्यंतचा मुलूख हातीं आला. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि तेथें इतकी माणसें लोटलीं कीं दोन वर्षांत तें राज्य होण्यास तयार झालें, तेंहि मुक्त राज्य म्हणून. दक्षिणेची समजूत घालण्यासाठीं १८५० सालीं पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा करण्यांत आला. माझ्या मतें सगळ्या गोष्टींत हा कायदा निर्णायक ठरला. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या वतीनें साक्ष देतां येत नसे, पंचांची ज्यूरी मिळत नसे. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला, माणूस मालकाच्या हवालीं केला तर दहा डॉलर आणि सोडला तर पांच डॉलर, असें शुल्क मिळे. शिवाय पकडणाऱ्यांना मदत करण्याची सक्ती सामान्य नागरिकावरहि होती. आजवर उत्तरेंतला माणूस म्हणूं शके, कीं तें दूरच्या प्रांतांतलें पाप आहे. आतां तें त्याच्या दारांत आलें. १८५४ सालीं बोस्टन शहरांत अँथनी बर्न्स नांवाच्या एका पळालेल्या गुलामाला बंदुकधारी सैनिकांच्या रांगांमधून बंदरावर नेलें, तें पाहून ज्यांनीं कधीं या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे व्यापारीहि अस्वस्थ झाले. हॅरिएट बीचर स्टो या बाईंची "अंकल टॉम्स केबिन" ही कादंबरी १८५२ सालीं निघाली, तीहि याच संतापांतून.

त्याच १८५४ सालीं स्टीफन डग्लस या पुढाऱ्यानें मिसूरीचा जुना बांधच मोडला. कॅन्सास आणि नेब्रास्का या प्रांतांत गुलाम असावे कीं नसावे हें तेथील वस्तीनेंच मतांनीं ठरवावें, असा कायदा त्यानें करवून घेतला. ऐकावयास ही गोष्ट किती न्यायाची वाटते! प्रत्यक्षांत दोन्ही बाजूंनीं माणसें आणि बंदुका कॅन्सासमध्यें धाडण्यांत आल्या. मार्च १८५५ च्या निवडणुकींत सुमारें २,९०० मतदार असतांना ६,००० हून अधिक मतें पडलीं. शेजारच्या मिसूरींतून टोळ्या येऊन मतें टाकून गेल्या होत्या. निवडणुकीच्या कामावर अनेकदां जावें लागलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा आंकडा वाचून फारसें आश्चर्य वाटलें नाहीं, खेद मात्र वाटला. मग रक्तपात सुरू झाला. १८५६ सालीं गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या सम्नर या सभासदाला सभागृहांतच काठीनें बेशुद्ध होईपर्यंत मारण्यांत आलें. १८५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत निकाल दिला, कीं कृष्णवर्णीय मनुष्य नागरिकच होऊं शकत नाहीं. १८५९ सालीं जॉन ब्राउननें हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर छापा घातला आणि तो फांसावर गेला. १८६० च्या नोव्हेंबरांत लिंकन निवडून आला, डिसेंबरांत साउथ कॅरोलिना फुटून निघाली, आणि १२ एप्रिल १८६१ रोजीं तोफा सुटल्या.

उत्तरेकडील सारे लोक धर्मात्मे होते, असें मात्र मानूं नये. नव्या जमिनींवर गुलाम नकोत असें म्हणणाऱ्यांपैकीं अनेकांना कृष्णवर्णीय माणूसच तेथें नको होता. इलिनॉय या लिंकनच्या स्वतःच्या राज्यांत १८५३ सालीं त्यांना येऊन राहण्यास बंदी करणारा कायदा झाला होता. साध्या शेतकऱ्याची भीति निराळी होती. शेजारचा मालक फुकट राबणारीं माणसें आणणार, मग आपल्या घामाला किंमत काय राहील? न्यूयॉर्कच्या पेढ्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्या तर गुलामांच्या कापसावरच चालत होत्या. लिंकन स्वतः आरंभीं एवढेंच म्हणत होता, कीं गुलामगिरी आहे तेथें असो, ती पसरूं नये. ती समूळ जावी या निश्चयापर्यंत त्याला युद्धानें आणलें. १ जानेवारी १८६३ रोजीं मुक्तीचा जाहीरनामा निघाला, आणि डिसेंबर १८६५ मध्यें घटनादुरुस्ती होऊन ती कायद्यानें संपली. मध्यंतरीं सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं.

आतां आपलें वऱ्हाड. १८५३ च्या तहानें निजामानें तें कंपनी सरकारच्या ताब्यांत दिलें होतें. इंग्लंडच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसांपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक अमेरिकेंतून येई. हा एकाच विहिरीवरचा भरवसा धोक्याचा आहे, हें कंपनीला आधींच कळलें होतें. म्हणून १८४० च्या सुमारास तिनें दहा अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानांत आणून आपल्या रयतेला कापूस शिकविण्याचा प्रयोगहि केला होता. युद्ध सुरू होऊन उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, तशा लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि लाखों मजूर उपाशी राहिले. तरीहि मँचेस्टरच्या कामगारांनीं लिंकनला पाठिंब्याचें पत्र पाठविलें, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. गिरणीमालकांनीं मात्र मुंबईकडे तोंड वळविलें. पांच वर्षांत मुंबईला नेहमींच्या किंमतीहून सुमारें ८१ कोटि रुपये अधिक मिळाले, असा अंदाज आहे. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल त्यांत वर चढले आणि १८६५ सालीं शेअरबाजार कोसळला तेव्हां खालीं आले.

आपल्या भागांत आगगाडी तेव्हां यावयाची होती. कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. पूर्वीं तर तो पार गंगेवरील मिर्झापुरापर्यंत जात असे. १८६१ पासून वऱ्हाडांत जमिनीची मोजणी सुरू झाली, १८६४ सालीं आपला जिल्हा वेगळा करण्यांत आला. त्याला पुढें वणी जिल्हा म्हणूं लागले. यवतमाळ हें जिल्ह्याचें नांव १९०५ पासूनचें. त्या तेजीच्या दिवसांत शेतकऱ्यांनीं बंडीच्या चाकांना चांदीच्या धांवा बसविल्या, अशी गोष्ट माझी आजी सांगत असे. ज्वारीचीं वावरें कापसाखालीं आलीं, आणि भाव असाच राहील या भरंवशावर कर्जें काढण्यांत आलीं.

मग तिकडे युद्ध संपलें. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. गुलाम सुटले, पण त्यांना जमीन मिळाली नाहीं. जुन्याच मालकाचें शेत ते बटाईनें करूं लागले. बियाणें, धान्य, कापड दुकानदाराकडून उधार, आणि उधारीच्या वसुलीसाठीं पीक कापसाचेंच काढावयाचें अशी अट. थोड्या वर्षांत अमेरिकेचा कापूस पूर्वीपेक्षांहि वाढला. इकडे १८६७ सालीं आगगाडी नागपूरला पोंचली, बंजाऱ्यांचे तांडे बसले, आमचाहि कापूस लिव्हरपुलास जाऊं लागला, आणि आमचा शेतकरीहि सावकाराच्या वहींत अडकला. मिसिसिपीचा कर्जबाजारी आणि वणीचा कर्जबाजारी हे एकमेकांना न ओळखतां एकाच बाजारांत एकमेकांचा भाव पाडीत होते. १८९९-१९०० च्या दुष्काळांत घरांत ज्वारी नसलेल्या कापसाच्या मुलखाचे काय हाल झाले, तें सर्वश्रुत आहे. आपल्या जिल्ह्यांत गेल्या पंचवीस वर्षांत ज्या घरांतून कर्त्या पुरुषाची तिरडी अकालीं निघाली, त्यांतलीं कांहीं घरें आपल्याच समाजाचीं आहेत.

अमेरिकेच्या या लढ्याचा अर्थ महाराष्ट्रांत सर्वांत आधीं ओळखला तो जोतीराव फुले यांनीं. १८७३ सालीं निघालेलें "गुलामगिरी" हें पुस्तक त्यांनीं गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील लोकांना अर्पण केलें. तिकडचें वाचून त्यांनीं इकडे पाहिलें. आपण तिकडचें वाचतों आणि तिकडेच ठेवतों.

म्हणून शेवटीं घरची एक गोष्ट सांगतों. कोणीं वाईट वाटून घेऊं नये. आमच्या घरीं आजोबांची मोडींतली एक चोपडी आहे. तींत सालदारांचे हिशेब आहेत. गुढीपाडव्याला साल ठरे, ज्वारी आणि रोकड ठरे. एका पानावर एका सालदाराच्या नांवें मुलीच्या लग्नासाठीं घेतलेली उचल आहे. दर पाडव्याला सालाचे पैसे वळते करूनहि बाकी पुढें ओढलेली आहे. अकराव्या वर्षीं नांव बदलतें. तेथें त्याच्या मुलाचें नांव येतें, आणि बाकी तीच चालूं राहते. सालदार हा गुलाम नव्हता, त्याला कोणी विकीत नव्हतें, सणाला तो आमच्याच पंक्तीच्या शेजारीं जेवी, हें सर्व खरें आहे. अशा वेठबिगारीवर आपल्या देशांत १९७६ सालीं कायद्यानें बंदी आली, हेंहि खरें आहे. वडिलांनीं ती चोपडी माळ्यावर ठेवली होती. मीं ती खालीं काढली.

ती मी मंडळाच्या वाचनालयास देत आहें. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरीं अशा जुन्या वह्या, खतावण्या, सालाच्या चिठ्ठ्या असतील, त्यांनीं त्या वाळवीच्या स्वाधीन न करतां मंडळाकडे पोंचत्या कराव्या. मोडी वाचून देण्याचें काम डोळे शाबूत आहेत तोंवर मी करीन.