जुने देणे आणि नवा धनको

वाशीम ज्या वऱ्हाडात मोडते, तो सबंध प्रांतच एके काळी देण्यापायी दुसऱ्याच्या हाती गेला. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा वसूल कंपनी सरकारने आपल्या ताब्यात घेतला. सिकंदराबाद व जालना येथील अबकारीचे उत्पन्न कंपनीनेच घेतले आहे, तेव्हा ते देण्यातून वजा व्हावे, असे निजामाचे म्हणणे होते. १८६० मध्ये पन्नास लक्षांचे हे देणे माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही. थकबाकीच्या आकड्यामागचा हिशेब वेळीच पाहिला नाही तर काय होते, ह्याचे याहून मोठे उदाहरण शोधावयास नको.

हिशेबाचे हे महत्त्व आपल्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते. एकरकमी घेतलेले व्याज मुद्दलाच्या बरोबरीहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम मनुस्मृतीत आहे. ऋणकोने दिलेली रक्कम खताच्या पाठीवर लिहावी आणि देणे फिटताच खत फाडावे, असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे. फिटलेला कागद शिल्लक राहिला की तो कोणाच्या हाती पडेल ह्याचा नेम नाही, हे त्यातील मर्म होय.

इंग्रजी अमलात १८५९ साली मुदतीचा कायदा झाला व साध्या रोख्यास तीन वर्षांची मर्यादा पडली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार कुळास बोलावी, व्याज मुद्दलात मिळवी आणि नव्या खतावर अंगठा घेई. अशा रीतीने जुने देणे दर तीन वर्षांनी तरुण होऊ लागले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा लोकांचा रोख सावकाराच्या जीवापेक्षा त्याच्या कागदांवर होता, ह्याचे कारण हेच. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने खतावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे काम न्यायाधीशांवर सोपविले. तो कायदा वऱ्हाडासाठी नव्हता. वाशीम अकोला जिल्ह्यात असताना, १९३९ साली, मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि कर्ज तपासून कमी करणारी न्यायालये स्थापन करण्याची सोय झाली.

१९९८ साली वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. आज सावकाराच्या वहीबरोबर बँकेचे खातेही आले आहे. २००२ च्या कायद्यानंतर बँका आपली बुडीत कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांस विकू लागल्या. ज्याचे नाव कधी ऐकले नाही असा धनको दारी उभा राहतो, आणि ऋणको गोंधळून जातो. परंतु येणे विकत घेणाऱ्यास मूळ धनकोहून अधिक हक्क मिळत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातच आहे. जी वजावट व जी हरकत जुन्या धनकोपुढे चालली असती, तीच नव्यापुढेही चालते. हस्तांतर लेखी असावे लागते. आणि त्याची खबर नसताना जुन्या धनकोस केलेली फेड सामान्यतः व्यर्थ जात नाही.

साध्या कर्जाच्या दाव्यास १९६३ च्या कायद्यानेही तीनच वर्षांची मुदत आहे. गहाण व न्यायालयाचा हुकूमनामा ह्यांची गोष्ट वेगळी. मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली दिली अथवा रकमेचा काही भाग भरून त्याची सहीनिशी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत टळल्यावरही सहीनिशी दिलेले फेडीचे लेखी वचन बंधनकारक ठरते. म्हणून वसुलीदार आला असता प्रथम हस्तांतराचा कागद, मूळ करार व भरलेल्या रकमांचा उतारा मागावा. तो वाचून पाहण्याआधी कशावरही सही करू नये. सकाळी आठापूर्वी व सायंकाळी सातानंतर वसुलीसाठी दूरध्वनी करू नये, धाकदपटशा करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे.

खरे देणे फेडणे हा धर्मच होय. मुदत टळल्याने दावा अडतो, देणे नाहीसे होत नाही. परंतु धनको बदलला म्हणून देणे वाढत नाही, आणि हिशेब मागणे म्हणजे देणे बुडविणे नव्हे. सुप्याच्या शेतकऱ्यांस जे आगीतून मागावे लागले, ते आज एका साध्या अर्जाने मागता येते.