घराच्या कागदपत्रांतला इतिहास

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत घर बांधण्याचा प्रसंग फारसा येत नाही, पण विकत घेण्याची तयारी हीच एक मोठी परीक्षा असते. गेल्या वर्षी आमची लेक या परीक्षेला बसली. पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न्स, बँकेची स्टेटमेंट्स असा ढीग टेबलावर मांडून तिने विचारले, "बाबा, हे वीस टक्के डाउन पेमेंट आणि तीस वर्षांचं कर्ज कोणी ठरवलं?"

मला उत्तर येईना. पंचवीस वर्षे हप्ते भरले, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मित्रहो, १९२०च्या दशकात इथले गृहकर्ज बहुधा तीन ते पाच वर्षांचे असे. घराच्या किमतीतली निम्म्याच्या आसपास रक्कम आधी हातात लागे. पुष्कळ कर्जांत दरम्यान फक्त व्याज भरायचे आणि मुदत संपली की सगळे मुद्दल एकदम फेडायचे, नाहीतर नवे कर्ज काढायचे. १९२९ नंतरच्या महामंदीत बँकाच बुडू लागल्या, नवे कर्ज मिळेना आणि लाखो कुटुंबांच्या घरांवर जप्ती आली. तेव्हा १९३३ साली सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढून सुमारे दहा लाख घरांची कर्जे लांब मुदतीची करून दिली. १९३४ साली फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आले. त्याच्या विम्यामुळे घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि २० वर्षांपर्यंत कर्ज मिळू लागले. मुद्दल आणि व्याज दोन्ही दरमहा थोडे थोडे फिटू लागले. १९४८ पर्यंत ही मुदत ३० वर्षांवर गेली. आपला मासिक हप्ता जन्मला तो असा.

पण ही सोय सर्वांसाठी नव्हती. त्याच काळात सरकारी नकाशांवर शहरांतल्या वस्त्यांना रंग देण्यात आले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल रंगात गेल्या. तिथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले. १९४४च्या जी. आय. बिलाने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना डाउन पेमेंटशिवाय घर घेता येऊ लागले. मात्र लाँग आयलंडवरच्या प्रसिद्ध लेव्हिटटाउनमध्ये सुरुवातीला फक्त गोऱ्यांनाच प्रवेश होता.

आणि आपण? वैष्णो दास बगाई हे पेशावरचे गृहस्थ १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. बर्कलीत त्यांनी घर घेतले. सामान घेऊन पोचले, तर शेजाऱ्यांनी त्यांना आत जाता येऊ नये म्हणून घर बंद करून ठेवलेले! १९२१ साली ते अमेरिकन नागरिक झाले. पण १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे नागरिकत्वाच्या कायद्यातले 'गोरे' नव्हेत, असा निकाल दिला. बगाईंचे नागरिकत्व गेले, मालमत्ताही सोडावी लागली. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कलाबाईंनी मुलांना वाढवले. बर्कलीतल्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग पुन्हा खुला झाला तो १९४६ साली. १९६५च्या कायद्याने आपल्यासारख्यांना दार उघडले, आणि घरखरेदीतला वंशभेद १९६८च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने बेकायदा ठरवला. स्त्रीला कर्ज देताना ती स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून भेदभाव करायला १९७४ साली बंदी आली. त्याआधी पत्नीचा पगार बँका पुष्कळदा पुरता धरतच नसत. आमच्या कर्जात सौ.चा पगार पूर्ण धरला गेला, तो या कायद्यामुळे.

लेकीला दाखवायला मी आमची जुनी फाइल काढली. घर १९४०च्या दशकातले. जुन्या कागदांत एक कलम निघाले: या घरात गोऱ्यांखेरीज कोणी राहायचे नाही, घरकामाचे नोकर सोडून. "बाबा, तू हे वाचलं होतंस का?" नव्हते वाचले. क्लोजिंगच्या दिवशी दाखवतील तिथे सह्या करत गेलो होतो. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत, असे ठरवले. पण ती कागदांवर तशीच राहिली. ज्या घरात मुलीचे बारसे झाले, गणपती बसले, ते घर कागदावर आम्हाला नको म्हणत होते!

म्हणून सांगावेसे वाटते, घराच्या तयारीत पैशाइतकेच वाचनही धरा. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' हे २००८ने सर्वांनाच शिकवले. आज कर्जाचा अर्ज केल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत लोन एस्टिमेट पाठवावे लागते. ते दोन-तीन ठिकाणांहून मागवून शेजारी ठेवून पाहा. जुने घर असेल तर त्याच्या दस्तांची प्रत मागा. तसले कलम निघाले, तर काही राज्यांत ते अधिकृतपणे रद्द करून घेण्याची सोय आहे.

लेकीने या वसंतात घर घेतले. क्लोजिंगला तिने प्रत्येक पान वाचले. समोरचे थोडे कंटाळले. मी मात्र खुशाल बसून राहिलो.