बाकीदाराच्या वतीने

मराठवाड्याच्या इतिहासातील सर्वांत नामांकित बाकीदार कोणी कुणबी नव्हता. तो होता खुद्द निजाम. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या पगारापोटी कंपनी सरकारचे देणे वर्षानुवर्षे तुंबत गेले आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाकडील मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे 1857 च्या धामधुमीत दरबाराने राखलेल्या इमानाचे चीज म्हणून 1860 साली नळदुर्ग व दुआब परत मिळाले आणि 50 लाखांची बाकीही माफ झाली. लातूर तालुका 1982 पर्यंत ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होता, त्या जिल्ह्याचा हा पूर्वेतिहास. राजाची बाकी मुलूख गहाण टाकून भागते आणि प्रसंगी माफही होते. रयतेच्या बाकीला मात्र असा तह कोठून लाभणार?

निजामाचे दिवाण महाराजा चंदूलाल 1843 मध्ये पायउतार झाले, तोवर तालुकेच्या तालुके मक्त्याने दिले जात. मक्तेदार सरकारात भरावयाची रक्कम सावकाराकडून उचली, सावकार आपल्या पैशाच्या हमीसाठी अरब-रोहिल्यांच्या शिबंदीचा आधार घेई, आणि त्या शिबंदीच्या तगाद्याखाली सापडलेल्या कुळास आपण नेमके सरकारचे देणेकरी आहोत, मक्तेदाराचे की सावकाराचे, याचा उलगडा शेवटपर्यंत होत नसे. 1853 मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगांनी हा मक्ता मोडला, 1865 च्या सुमारास जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्हावार विभागणी, करून अव्वल तालुकदार व तहसीलदार नेमले, देशमुख-देशपांड्यांकडील वसुली काढून त्यांना रुसूम ठरवून दिला आणि सारा धान्यात न घेता रोखीने घेण्याचा प्रघात पाडला. ही सुधारणा थोर खरीच. पण किस्तीची तारीख आणि बाजारातला भाव यांची गाठ क्वचितच पडे, आणि मक्तेदार गेला तरी सावकार गावातच राहिला.

बाकीदाराच्या पाठीशी उभे राहणारे दोन प्रकारचे लोक असतात: एक त्याच्या वतीने भरणारा आणि दुसरा त्याच्या वतीने बोलणारा. जुन्या मराठवाड्यात पहिला जागोजाग भेटे, दुसरा दुर्मिळ होता. पटवाऱ्याने बाकीची याद चावडीत वाचून दाखवली आणि तहसीलचा चपराशी जप्तीच्या हुकुमासह दारात उभा राहिला, म्हणजे सावकार रक्कम मोजून देई. सरकारदप्तरी बाकी ‘बेबाक’ होई, आणि सावकाराच्या वहीत तीच रक्कम व्याजाची बेरीज घेऊन नव्याने जन्मास येई. बोलणारा म्हणावा तर तहसील कचेरीबाहेर बैठक मांडून बसलेला अर्जनवीस. कचेरीची भाषा उर्दू, अर्जदाराची मराठी. ‘बखिदमत जनाब तहसीलदार साहब’ अशी सुरुवात करून अवर्षणाचे रडगाणे तो ठरीव शब्दांत उतरवी, तळाशी ‘फिदवी’ लिहून अंगठा घेई, आणि आपल्या नावाने काय मागितले गेले हे अर्जदारास बहुधा त्याच्याच तोंडून कळे. फसली 1317 म्हणजे इ.स. 1907 च्या जमीन महसूल कायद्याने सक्तीच्या वसुलीस कायद्याची चौकट मिळाली. तथापि कायदा वाचून दाखवणारा माणूस त्या चौकटीत नव्हता.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली, 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, आणि 1 एप्रिल 1950 पासून भारतीय प्राप्तिकर कायदा या मुलखास लागू होऊन नांदेड-लातूरच्या मोंढ्यांतले आडते व व्यापारी एका नव्या बाकीचे धनी झाले. गंमत अशी की 1922 च्या त्या कायद्याखालील थकबाकीचा दाखला प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून जिल्हाधिकाऱ्याकडे जाई आणि वसुली जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणेच होई. अर्थात आडत्याचा कर कुळाच्या साऱ्याच्याच वाटेने येऊन तहसीलच्या त्याच शिपायाच्या हाती पडे. स्वतंत्र कर वसुली अधिकारी आला तो 1961 च्या कायद्याने. त्याच कायद्याच्या 288 व्या कलमात करदात्याच्या वतीने हजर राहण्यास पात्र कोण, हे नमूद केले गेले: नातलग, पगारी नोकर, वकील, सनदी लेखापाल आणि आणखी काही. दिवाळखोर ठरलेला आणि सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेला इसम त्यातून वगळला गेला. कचेरीतल्या जुन्या ओळखीपाळखी हेच ज्यांचे भांडवल, अशांचा अनुभव ते कलम लिहिणाऱ्यांच्या गाठीशी असावा असे वाटते.

माफीची परंपराही खंडित झालेली नाही. जी.एस.टी. पूर्वीच्या करांसाठी महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये आणलेल्या अभय योजनेत एका आदेशाखालील 2 लाखांपर्यंतची बाकी पूर्णतः सोडून दिली गेली. त्यावरील रकमेसाठी काही हिस्सा भरून मोकळे होता येई, मात्र अपील चालू असल्यास ते मागे घ्यावे लागे. अपील लढविण्याची फी निराळी आणि योजनेचा अर्ज भरण्याची निराळी. तेव्हा मोंढ्यातल्या आडत्यास आपल्या सल्लागाराकडून हवे होते ते एवढेच, की अपील टिकण्याजोगे आहे की नाही, हे त्याने फीकडे न पाहता सांगावे.