उत्तर चीनमधील गनिमी युद्ध (१९३७–१९४५)

उत्तर चीनमधील गनिमी युद्ध हे दुसऱ्या चीन-जपान युद्धाच्या काळात चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या आठव्या मार्ग सेनेने जपानी सैन्याच्या पिछाडीस लढलेले दीर्घकालीन युद्ध होते. ग्रामीण जनता हा या युद्धाचा मुख्य आधार होता. त्यामुळे जपानी सूडमोहिमांची सर्वाधिक झळही तिलाच बसली.

पार्श्वभूमी

७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीनंतर युद्धास तोंड फुटले. शांघाय, वूहान येथील मोठ्या लढायांचा भार प्रामुख्याने च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सैन्याने उचलला. उत्तरेत जपानने शहरे व लोहमार्ग ताब्यात घेतले. मात्र विस्तीर्ण ग्रामीण भागावर त्यास पूर्ण नियंत्रण मिळवता आले नाही. तेथेच आठव्या मार्ग सेनेने आपले तळ उभारले.

डावपेच

बलाढ्य शत्रूशी घाईने निर्णायक लढाई न करता त्यास कालांतराने थकवावे, असे प्रतिपादन माओ त्से-तुंग यांनी १९३८ मध्ये येनान येथील व्याख्यानांत केले. अचानक छापे घालणे, रूळ उखडणे व सुरुंग पेरणे ही प्रमुख साधने होती. हेबेई प्रांताच्या सपाट प्रदेशात नैसर्गिक आडोसा नसल्याने गावकऱ्यांनी घरांखालून भुयारे खोदली. ऑगस्ट १९४० मध्ये पेंग देहुआय यांच्या नेतृत्वाखाली लोहमार्ग व खाणींवर 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' झाली.

लोकसहभाग

गावकरी धान्य, निवारा व शत्रूच्या हालचालींची बातमी पुरवीत आणि जखमींना लपवीत. हा पाठिंबा टिकावा म्हणून खंड व व्याज कमी करण्यात आले. घेतलेल्या वस्तूचे मोल देणे व नुकसानीची भरपाई करणे सैनिकांवर बंधनकारक होते.

प्रचार

बहुसंख्य शेतकरी निरक्षर असल्याने काष्ठठसे, भिंतीवरील घोषणा, गाणी व 'यांगगे' या लोकनृत्यावर आधारित नाटके वापरली गेली. डिसेंबर १९४० मध्ये येनानहून नभोवाणी प्रक्षेपण सुरू झाले. जपानी युद्धकैद्यांचे मतपरिवर्तन करून त्यांच्याकरवी जपानी सैनिकांना युद्धविरोधी आवाहने केली जात. जपानी कम्युनिस्ट नेते सान्झो नोसाका यांचा या कार्यात मोठा वाटा होता.

परिणाम

१९४० च्या मोहिमेनंतर जपानी सैन्याने गावे जाळणे, धान्य लुटणे व रहिवाशांची कत्तल करणे असे धोरण अवलंबिले. चिनी लोकांनी त्यास 'तीन सर्वनाश' असे नाव दिले. मे १९४२ मध्ये हेबेईतील बेइतान गावी भुयारांत विषारी वायू सोडल्याने शेकडो लोक मृत्युमुखी पडले. भुयारे निवारा देत, तशीच ती सापळाही ठरू शकत. दडपशाहीमुळे तळप्रदेश आक्रसले, तरी युद्धाच्या अखेरच्या वर्षांत ते पुन्हा विस्तारले. १९४५ नंतरच्या यादवी युद्धात कम्युनिस्टांना या ग्रामीण संघटनेचा मोठा लाभ झाला.

भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी याच प्रदेशात जखमींवर उपचार केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी हेबेईमध्ये त्यांचे निधन झाले.