टंचाईतच आठवणारा वायू : स्टॉकहोम ते होसहळ्ळी

१/ १९४२ सालचा स्वीडन. महायुद्धामुळे पेट्रोलची आयात जवळजवळ थांबलेली; तरीही सुमारे ७३ हजार वाहने रस्त्यावर होती. त्यांना जोडलेल्या लोखंडी भट्ट्यांत चालक लाकूड किंवा कोळसा भरत आणि त्यातून निघणाऱ्या वायूवर इंजिन चाले.

२/ यामागचे तत्त्व सोपे आहे. लाकडाला अपुरी हवा दिली, तर ते पूर्ण जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे ज्वलनशील वायू मिळतात. ते थंड करून, गाळून इंजिनात सोडायचे. अडचण एकच : सोबत येणारे चिकट डांबरी द्रव्य इंजिन निकामी करते.

३/ १९२०च्या दशकात जॉर्ज अँबेर या रसायनज्ञाने त्यावर तोडगा विकसित केला. वायू वर जाऊ न देता खालच्या तप्त निखाऱ्यांतून ओढला, की बरेचसे डांबर तिथेच विघटित होते. युद्धाच्या अखेरीस जर्मनीत अशी सुमारे ५ लाख वाहने होती.

४/ शांतता आली, पेट्रोल परतले आणि काही वर्षांतच भट्ट्या भंगारात गेल्या. रोज राख काढणे, गाळण्या धुणे, विषारी वायूची धास्ती बाळगणे हे सारे कोण करणार?

५/ १९७३च्या तेलसंकटाने जगाला हा वायू पुन्हा आठवला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या वीज नसलेल्या छोट्या वस्तीत लाकडाच्या वायूवरील संच बसवला. क्षमता ५ किलोवॉटहूनही कमी. वायू पेटवण्यापुरते थोडे डिझेल लागे. त्या विजेवर घरांत दिवे लागले, पुढे पाण्याचा पंप आणि पिठाची गिरणीही चालली.

६/ त्यानंतर १९९७ साली सुंदरबनातील गोसाबा बेटावर ५०० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले. २००७ साली बिहारमधील तमकुहा गावात भाताच्या तुसावर वीज निर्माण झाली.

७/ १९८९ साली अमेरिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेने इंधनटंचाईच्या काळासाठी अशी भट्टी बांधण्याची पुस्तिकाच तयार करवून घेतली. परंतु आराखडा कागदावर टिकतो. भट्टी राखणारा हात मात्र सरावानेच टिकतो. संकट सरताच तो हात आपण दरवेळी मोकळा केला. पर्यायी विजेचा इतिहास म्हणूनच यंत्रांइतकाच त्या यंत्रांना रोज जपणाऱ्या माणसांचाही आहे.