कोनाड्यात उरलेले औषध

घरातले दुखणाईत माणूस बरे झाले किंवा देवाघरी गेले, म्हणजे त्याच्या अंथरुणा-पांघरुणाचे, कपड्यांचे काय करावयाचे हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. त्याची रीत पूर्वापार ठरलेली आहे. पण त्याच्या उशाशी उरलेल्या गोळ्यांची रीत मात्र अजून ठरलेली नाही. निम्मे पाकीट कोनाड्यात पडून राहते. पैसे मोजून आणलेले औषध टाकवत नाही आणि ठेवूनही उपयोग नसतो. ते औषध कॅन्सरचे असेल, तर हा प्रश्न साधा राहत नाही. तो का राहत नाही, हे समजण्यासाठी या औषधांचा इतिहास थोडा पाहावा लागेल.

या औषधांपैकी एका मोठ्या घराण्याचा जन्म रणांगणावर झाला. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, बेल्जममधील ईप्र गावाजवळ मस्टर्ड नावाचा विषारी वायू सोडण्यात आला. त्याने माणसांची कातडी भाजली, डोळे गेले आणि पुढे रक्तातील पांढऱ्या पेशीही घटल्या. दुसऱ्या महायुद्धात, २ डिसेंबर १९४३ रोजी, इटलीच्या बारी बंदरात जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तेथील एका अमेरिकन जहाजात याच वायूचे बॉम्ब लपवून ठेवलेले होते. जखमींच्या तपासणीत पुन्हा तेच दिसले, पांढऱ्या पेशी नाहीशा होत होत्या. त्याआधीच, १९४२ साली, अमेरिकेतील येल विद्यापीठात या विषाच्या एका भावंडाचा, नायट्रोजन मस्टर्डचा, उपयोग लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर करून पाहण्यात आला होता. गाठ विरघळली, जरी ती पुढे परत आली. युद्धामुळे ही गोष्ट १९४६ पर्यंत गुप्त राहिली. आज सर्रास दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड याच घराण्यातले.

दुसऱ्या घराण्याचा धागा आपल्या गिरण्यांपर्यंत पोहोचतो. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ साली मुंबईस आल्या. कापडगिरण्यांतील गरोदर बायकांना होणाऱ्या पंडुरोगाचा त्या अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका सुधारतात, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातले सत्त्व म्हणजे फॉलिक आम्ल. ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. फॉलिक आम्लाने पेशी वाढतात, तर त्याला अडवणारे औषध द्यावे, या विचाराने बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी सुब्बारावांच्या प्रयोगशाळेतले औषध रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या १६ मुलांना दिले. त्यांपैकी १० मुलांना काही काळ उतार पडला. ही हकीकत १९४८ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचे धाकटे भावंड.

आता यातले मर्म ध्यानात घ्या. यांपैकी पुष्कळ औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. ती पेशी गाठीतली आहे की आईच्या पोटातल्या गर्भातली आहे, हे औषधाला कळत नाही. १९७९ साली फिनलंडमधील संशोधकांना असे आढळले, की ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत पेशींच्या बीजात बिघाड करणाऱ्या द्रव्यांच्या खुणा मिळतात. त्या बायकांनी औषध घेतले नव्हते, नुसते हाताळले होते. त्यानंतर इस्पितळांत हातमोजे आले, वेगळ्या खोल्या आल्या, नियम आले. घराघरांत मात्र हे ज्ञान पोहोचायचे राहून गेले.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात या रोगाविरुद्ध केलेले काम देशाने नोंद घ्यावी असे आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने, १९८७ साली ग्रामीण भागातील कॅन्सरची देशातली पहिली नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेडी कार्यकर्त्यांनी पालथी घातली. रोगी दवाखान्यात येत नसे, म्हणून दवाखान्याची माणसे त्याच्या दारी गेली. पुढे १९९९ पासून शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यातून २००९ साली दिसले, की एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात.

रोग लवकर कळू लागला, उपचार वाढले आणि इस्पितळात सलाईनमधून मिळणारे औषध गोळीच्या रूपाने घरी येऊ लागले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब या औषधावरील पेटंटचा दावा फेटाळला आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण गोळी घरी आली, तशी उरलेली गोळीही घरीच राहिली.

तिचे लोक काय करतात? कोणी संडासात टाकतो. तेथून ती शोषखड्ड्यात आणि पुढे जमिनीतल्या पाण्यात जाऊ शकते. शहरातले सांडपाणी शुद्ध केले, तरी यांतली काही औषधे पूर्ण नाहीशी होत नाहीत. कोणी उकिरड्यावर टाकतो. तेथे शेळी चरते, पोरे खेळतात आणि पुढे तेच खत शेतात पडते. कोणी चुलीत किंवा बंबात घालतो. इस्पितळातली अशी औषधे १२०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त उष्णतेच्या भट्टीत जाळण्याचा नियम आहे. तेवढी आच चुलीला येत नाही. धूर घरच्या बाईच्या नाकात जातो, आणि त्याच राखेने कुठे कुठे भांडी घासली जातात.

आणि कोणी म्हणतो, “वाया कशाला घालवायचं, शेजारच्या पाटलांना द्या की!” यात सर्वांत मोठा धोका आहे. मेथोट्रेक्सेट हे संधिवातालाही देतात, पण आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. दान म्हणून दिलेली गोळी विष ठरू शकते.

औषध निसर्गात गेले तर काय होते, हे खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मेलेल्या जनावराभोवती जमणारी गिधाडे कुठे गेली? जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर आकाश रिकामे झाले होते.

मग करावयाचे काय? गोळी मूळ पाकिटातच ठेवावी, फोडू नये, कुटू नये. हात लावावाच लागला तर हातमोजा घालावा, नंतर साबणाने हात धुवावेत. गरोदर बाईने व लहान मुलांनी स्पर्शही करू नये. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात घालावे, त्यावर ठळक अक्षरांत ‘कॅन्सरचे औषध – हात लावू नये’ असे लिहावे आणि डबा कुलपात ठेवावा. सुया निराळ्या, जाड डब्यात ठेवाव्यात. पुढच्या खेपेस उपचार केलेल्या रुग्णालयात डबा न्यावा व तेथील औषध विभागात विचारावे. तेथे जमले नाही तर नगरपालिकेकडे विचारावे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात धरली आणि ती गोळा करण्याची केंद्रे उभारण्याचे काम नगरपालिकांवर सोपविले. घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात ती मिसळू नयेत. २०२५ साली केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने १७ औषधांची यादी काढली. ती संडासात सोडण्यास मुभा आहे. तीत मॉर्फीनसारखी वेदनाशामके आहेत, पण कॅन्सरच्या पेशी मारणारे औषध एकही नाही. हा फरक ध्यानात ठेवावा.

गावोगाव अशी केंद्रे अजून नाहीत, हे खरे. म्हणून ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयात एक कुलूपबंद पेटी असावी, एवढे मागणे फार नाही. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक तास यासाठी द्यावा. मूल घरी जाऊन आजीला विचारील, “आजी, कोनाड्यातल्या डब्यात काय आहे गं?” तेवढ्यानेही पुष्कळ घरांतला डबा योग्य ठिकाणी पोहोचेल.