बोलीची पायरी

नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बोलीची पायरी समजावून सांगावी लागत नाही. पुकारा सुरू होतो आणि भाव टप्प्याटप्प्याने चढतो. जुनी नाणी, तिकिटे, चित्रे, शस्त्रे यांचा लिलावही असाच चालतो. फरक एवढाच, की मिरचीचा दुसरा ढीग शेजारीच असतो, नाणे मात्र एकच असते. म्हणून तिथे पायरी किती उंच ठेवली, यावर वस्तू कोणाकडे जाणार हेसुद्धा ठरते. संग्राहकांच्या इतिहासात या गोष्टीकडे फारसे कोणी पाहत नाही, असे मला वाटते.

पूर्वीच्या बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. कोणी किती भाव दिला हे शेजाऱ्याला कळत नसे आणि मालधन्याला तर नाहीच. लिनलिथगो यांच्या शेती आयोगाने १९२८च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, तिच्यामागे असलीच गाऱ्हाणी होती. तिकडे लंडनमध्ये सुरतेहून गेलेला माल ईस्ट इंडिया कंपनी मेणबत्तीच्या बोलीवर विकत असे: इंचभर मेणबत्ती विझण्याआधीची शेवटची बोली खरी. सॅम्युअल पेपिस याच्या १६६२च्या रोजनिशीत एक चलाख गृहस्थ भेटतो. वात विझण्यापूर्वी धूर खाली वळतो, हे त्याने हेरले होते. अशा पद्धतीत वाढ कितीची, यापेक्षा ती कधी केली याला मोल.

हातोड्याच्या लिलावात उलट. लंडन-न्यूयॉर्कच्या मोठ्या पेढ्यांचा रिवाज साधारण दहा टक्क्यांच्या आसपासचा: पाच ते दहा हजारांत पाचशेची, दहा ते वीस हजारांत हजाराची पायरी. आता समजा, एका नाण्यासाठी एकाची ऐपत ११,५०० रुपयांची, दुसऱ्याची ११,९०० ची. पायरी हजाराची. दहा हजारांवर दुसरा उभा असताना पहिल्याने अकरा हजार पुकारले, तर दुसऱ्याला थेट बारा हजार म्हणावे लागेल. ते त्याच्या आवाक्याबाहेर. नाणे कमी ऐपतवाल्याला मिळाले, तेही अकरा हजारांत! पायरी पाचशेची असती तर दुसऱ्याने ११,५०० म्हणून ते नेले असते आणि विकणाऱ्याच्या पदरात पाचशे जास्त पडले असते. बारीक पायरीने विक्रेत्याचे भलेच होते असे मात्र नाही. शेकडो वस्तू एका दिवसात विकायच्या, बोली रेंगाळली की सभागृह थंड पडते. उंच पायरी जोर टिकवते आणि कधी कधी माणसाला ऐपतीपुढे ढकलते. म्हणून मुरलेला लिलाववाला अर्धी पायरीही घेतो. तो त्याचा अधिकार.

तिकिटांच्या व्यापारात टपालाने बोली पाठवण्याची जुनी प्रथा आहे. ग्राहक आपली कमाल रक्कम कळवतो; जिंकलाच तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एकच पायरी जास्त देतो. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली याच्या अगदी जवळची कल्पना सिद्धान्त म्हणून मांडली. नंदुरबारसारख्या गावी बसून मुंबईच्या लिलावात भाग घेणाऱ्याला ही सोय मोठी, फक्त लिलाववाल्यावर भरवसा हवा. त्याने आपली कमाल रक्कम आधीच वाचलेली असते.

आणि पायरी नावालाच उरली की काय होते, ते नागपूरने पाहिले. १८५४ साली राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने गेले. जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. घेणाऱ्यांत चुरसच नव्हती, तर बोली चढणार कुठून? त्याच घराण्यातील पहिल्या रघूजींचे नाव असलेली फिरंग तलवार एप्रिल २०२५मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावली. हातोड्याच्या किमतीवर पेढीचा अधिभार चढतो, त्यावर विमा आणि वाहतूक. सगळा हिशेब ४७ लाख १५ हजार रुपयांवर गेला आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली.